पेशींचा माग काढणारी पुणेकर : डॉ. कमल रणदिवे

भारतातील कर्करोग संशोधनाचा विषय निघाला की मुंबईच्या परळचे नाव प्रथम येते, आणि ते रास्तच आहे. टाटा मेमोरिअल रुग्णालय तेथे १९४१ साली उभे राहिले आणि पुढच्या दशकभरात त्याच परिसरात प्रयोगशाळेतील मूलभूत संशोधनाचाही पाया घातला गेला. मात्र त्या पायाचा एक मोठा दगड पुण्याहून गेला होता, याची आठवण खुद्द पुणेकरांनाही फारशी नसते. लक्ष्मी रस्त्यावरील हुजूरपागा आणि टेकडीच्या पायथ्याचे फर्ग्युसन महाविद्यालय या दोन ठिकाणी घडलेल्या कमल समर्थ पुढे डॉ. कमल रणदिवे झाल्या. देशातील पहिल्या काही टिश्यू कल्चर प्रयोगशाळांपैकी एक त्यांच्या हातून उभी राहिली.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. आईचे नाव शांताबाई. आपल्या सर्व मुलांना उत्तम शिक्षण मिळावे, असा प्राध्यापक समर्थांचा कटाक्ष होता. हुजूरपागेसारखी १८८४ साली स्थापन झालेली मुलींची शाळा हाताशी असणे ही तेव्हाच्या पुण्याची मिरासच म्हणायची. कमल अभ्यासात पहिल्यापासून हुशार होती. या मुलीने डॉक्टर व्हावे आणि लग्नही डॉक्टरशीच करावे, असे वडिलांच्या मनात होते. मुलीने या दोन्ही इच्छा नम्रपणे बाजूला ठेवल्या. तिने फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळवली, तीही विशेष प्राविण्यासह. १३ मे १९३९ रोजी तिचा विवाह झाला तो ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी, आणि ते होते गणिती. वडिलांची जी इच्छा तिने पाळली ती एवढीच, की पदव्युत्तर अभ्यासासाठी त्यांनी सुचवलेला पेशीशास्त्र हा विषय निवडला. डॉक्टर न झालेल्या या मुलीचे सारे आयुष्य पुढे रुग्णालयाच्याच आवारात गेले आणि पद्म पुरस्कार मिळाला तोही वैद्यक क्षेत्रातील कामगिरीसाठीच.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुलातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशिकशास्त्र. आज सीताफळ म्हटले की पुरंदरच्या बागा डोळ्यांपुढे येतात. कमलताई मात्र त्याच्या पेशींतील गुणसूत्रे मोजत बसल्या होत्या. सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास डोळा लावून, विभाजनाच्या नेमक्या क्षणी सापडलेली पेशी शोधायची आणि तिच्यातील गुणसूत्रांचा हिशेब मांडायचा, असे हे चिकाटीचे काम. वरवर पाहता याचा कर्करोगाशी काय संबंध, असे वाटेल. परंतु कर्करोग हा मुळात पेशीविभाजनाचाच रोग आहे. गाठीतील पेशींची गुणसूत्रे तुटलेली, कमीअधिक झालेली, एकमेकांत गुंतलेली असतात. निरोगी पेशीचे विभाजन किती शिस्तीत चालते हे ज्याने सीताफळात पाहिले आहे, त्याला गाठीतील बेशिस्त ओळखायला वेळ लागत नाही.

विवाहानंतर रणदिवे दांपत्य मुंबईत आले आणि कमलताई टाटा मेमोरिअल रुग्णालयात काम करू लागल्या. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीय विकृतिशास्त्रातील हे भारदस्त नाव. पुढे १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. रुग्णालय म्हणजे केवळ उपचारांची जागा नव्हे, रोग का होतो हे शोधण्याचीही ती जागा असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

पीएच.डी.च्या दिशेने नेणारे हे काम उंदरांवरचे होते. स्तनांच्या कर्करोगाला कमीअधिक बळी पडणाऱ्या उंदरांच्या चार वंशांतील स्तनग्रंथींची त्यांनी तुलना केली. या कामामागे एक मोठा वाद होता. अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी १९३६ साली एक साधा, पण थक्क करणारा प्रयोग प्रसिद्ध केला होता. कर्करोगाचे प्रमाण जास्त असलेल्या वंशातील नवजात पिल्ले त्यांनी कर्करोग क्वचितच होणाऱ्या वंशातील माद्यांच्या दुधावर वाढवली, तेव्हा त्या पिल्लांमधील कर्करोग लक्षणीयरीत्या घटला. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी जात होते. ते काहीतरी म्हणजे विषाणू होता, हे नंतर सिद्ध झाले. पण विषाणू असूनही काही वंशांना गाठी होत, काहींना होत नसत. काही माद्यांना विण्यानंतर होत, न विणाऱ्यांना नाही. वंशपरंपरेने आलेली प्रवृत्ती, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू या तिघांचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न कमलताईंनी उचलला आणि तो दीर्घकाळ सोडला नाही. एकाच कारणावर बोट ठेवून मोकळे होण्याच्या त्या काळात तीन कारणांचा एकत्रित विचार करणे, यात त्यांची शास्त्रज्ञ म्हणून खरी योग्यता दिसते, असे मला वाटते.

पीएच.डी.नंतर खानोलकरांच्याच सल्ल्याने त्या अमेरिकेला गेल्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांना टिश्यू कल्चरचे, म्हणजे शरीराबाहेर काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र शिकायचे होते. गाय हे या तंत्राचे वेडे साधक. नळ्या सावकाश फिरवत ठेवणारे यंत्र त्यांनी स्वतः बनवले होते. माणसाच्या गाठीतील पेशी प्रयोगशाळेत कायमच्या जगवायच्या, हा ध्यास त्यांनी वर्षानुवर्षे बाळगला. पण पेशी काही दिवसांत मरत.

ते यश १९५१ साली आले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या हेनरिएटा लॅक्स या ३१ वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीचा तुकडा गाय यांच्याकडे आला आणि त्यातील पेशी थांबण्याचे नावच घेईनात. हेनरिएटा त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारली, पण हेला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिच्या पेशी आजही जगभरातील प्रयोगशाळांत वाढत आहेत. पोलिओच्या लशीच्या चाचण्यांपासून अवकाशातील प्रयोगांपर्यंत त्या वापरल्या गेल्या. त्या घेताना तिची अनुमती कोणी मागितली नव्हती, आणि तिच्या कुटुंबाला दोन दशके याची वार्ताही नव्हती. विज्ञानाच्या इतिहासातील ही सल अद्याप पूर्णपणे निघालेली नाही.

अमेरिकेत राहिल्या असत्या तर कमलताईंना चांगली नोकरी मिळाली असती. त्या परत आल्या. परदेशात शिकलेल्यांनी मायदेशी यावे आणि आपल्याच प्रयोगशाळेत नव्या दिशांनी काम करावे, असे त्यांचे ठाम मत होते आणि सहकाऱ्यांनाही त्या त्यासाठी उद्युक्त करीत. मुंबईत १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले होते. तेथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभारली. हे वाक्य लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात वीजपुरवठा, तापमान, निर्जंतुक पाणी, काचसामान, पेशींना लागणारे पोषक द्रव या एकेका गोष्टीसाठी त्या काळी झगडावे लागे, आणि जंतूंचा एक कण आत शिरला की महिन्यांची मेहनत वाया जाई. केंद्राच्याच नावाने ओळखला जाणारा उंदरांचा स्वतंत्र वंशही येथे तयार झाला. डॉ. सत्यवती सिरसाट यांच्यासारख्या सहकारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे अंतरंग पाहत होत्या. पुढे १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाची धुरा कमलताईंनी सांभाळली. तंबाखू आणि सुपारी यांच्या कर्करोगजनकतेवर त्यांनी सहकाऱ्यांसह प्राण्यांवर केलेले प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. पानतंबाखूच्या या देशात ते काम किती निकडीचे होते हे वेगळे सांगायला नको.

कुष्ठरोगाकडे त्या वळल्या त्या याच टिश्यू कल्चरमुळे. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, ही वैद्यकाची जुनी अडचण. त्याला चेतापेशी प्रिय असतात, तेव्हा चेतापेशींच्या संवर्धनात तो वाढतो का ते पाहावे, या विचाराने बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णांच्या ऊतींतून एक जंतू वेगळा केला आणि १९५८ साली तो जगापुढे ठेवला. केंद्राच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जंतू असे नाव पडले. तो खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू की त्याच्या गोतातील दुसरा, यावर पुष्कळ वाद झाला. परंतु त्यापासून तयार झालेल्या लशीची चाचणी पुढे दक्षिण भारतात घेण्यात आली, तेव्हा तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार १९६४ मध्ये कमलताईंना मिळाला. सुवर्णपदक आणि १५ हजार रुपये असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कारही मिळाला आणि १९८२ मध्ये पद्मभूषण.

उंदरात विषाणूने स्तनांचा कर्करोग होतो, मग माणसात का होणार नाही, असा प्रश्न १९६० आणि १९७०च्या दशकांत जगभर विचारला जात होता. पारशी समाजातील स्त्रियांमध्ये या रोगाचे प्रमाण जास्त असल्याने मुंबई त्या शोधाच्या नकाशावर आली. पारशी मातांच्या दुधात विषाणूसदृश कण शोधण्यात परळच्या शास्त्रज्ञांचाही सहभाग होता. माणसातील असा विषाणू मात्र सिद्ध झाला नाही. एवढी वर्षे उंदीर पाळून हाती काय लागले, असे कोणी त्या वेळी विचारले असते तर उत्तर देणे अवघड गेले असते.

उत्तर आले ते विषाणूंच्याच वाटेने, पण भलत्याच दिशेने. माकडांतील एका विषाणूने पेशी कर्करोगी कशी होते, हे तपासताना १९७९ साली लंडन आणि प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळांना विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेले एक अनोळखी प्रथिन सापडले. ते पेशीचे स्वतःचेच होते. त्याचे वजन ५३ हजार डाल्टन भरले म्हणून त्याला पी ५३ म्हणू लागले. खरे तर ते याहून हलके आहे, पण चुकीच्या वजनावरून पडलेले नाव तसेच राहिले. प्रारंभी दहा वर्षे सर्वांची समजूत अशी, की हे प्रथिन गाठ वाढवते. १९८९ मध्ये चित्र पालटले. हे प्रथिन गाठ वाढवत नाही, रोखते; ते बिघडले म्हणजे गाठ वाढते, असे दिसून आले. हा शोध लावणाऱ्यांपैकी एक, बर्ट व्होगेलस्टाइन यांची प्रयोगशाळा होती जॉन्स हॉपकिन्समध्ये, म्हणजे कमलताई जेथे पेशी जगवायला शिकल्या त्याच संस्थेत.

पी ५३ हा पेशीतील राखणदार आहे. डीएनएला इजा झाली की तो विभाजन थांबवतो, दुरुस्तीला वेळ देतो. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरणाची आज्ञा देतो. कमलताईंच्या आवडत्या विषयांपैकी अनेकांच्या गाठी येथे येऊन सुटतात. तंबाखूच्या धुरातील रसायने या राखणदाराच्याच जनुकातील ठरावीक जागांवर घाव घालतात, असे १९९६ मध्ये दिसले. हेला पेशी का मरत नाहीत, याचेही उत्तर मिळाले. त्यांच्यातील पी ५३चे जनुक शाबूत आहे, पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या पॅपिलोमा विषाणूचे एक प्रथिन तयार झालेला पी ५३ लगेच नष्ट करून टाकते.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात हा बिघाड वेगळ्या तऱ्हेने होतो आणि तो अधिक घातक आहे. तेथे आधी केरास नावाच्या जनुकात बदल होतो व पेशीला वाढीचा अखंड हुकूम मिळत राहतो. ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत तो आढळतो. त्यानंतर वाढीला लगाम घालणारी प्रथिने एकामागून एक निकामी होतात. प्रथम पी १६, मग पी ५३ आणि स्मॅड ४. दहापैकी सहासात रुग्णांत पी ५३ बिघडलेला असतो, तर सुमारे निम्म्यांत स्मॅड ४ नाहीसा झालेला असतो. या स्मॅड ४चे जनुकही १९९६ साली जॉन्स हॉपकिन्समध्येच, स्वादुपिंडाच्या गाठींतून हाती लागले. ते गमावलेल्या रुग्णांत रोग शरीरभर पसरण्याची प्रवृत्ती अधिक असते, असे शवविच्छेदनांतून आढळले आहे. पी ५३ची तऱ्हा त्याहून विचित्र आहे. बहुतेक वेळा तो नाहीसा होत नाही. एखादे अमिनो आम्ल बदललेला, काम न करणारा पी ५३ पेशीत साचत जातो. चार रेणू एकत्र आल्यावरच हे प्रथिन काम करते, त्यामुळे चौकडीत शिरलेला सदोष रेणू उरलेल्या चांगल्या रेणूंनाही जखडून टाकतो. म्हणूनच विकृतिशास्त्रज्ञ गाठीचा काप रंगवतो तेव्हा पी ५३ची गडद खूण ही विपुलतेची नव्हे, बिघाडाची खूण ठरते. स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे असते. कावीळ होईपर्यंत किंवा पाठीत कळा येईपर्यंत रोगाचा पत्ता लागत नाही. अमेरिकेसारख्या देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्केच आहे.

डॉ. गाय यांना याच रोगाने गाठले. १९७० साली त्यांच्या स्वादुपिंडात गाठ असल्याचे कळले, तेव्हा आपल्या गाठीचा तुकडा काढून त्याचे संवर्धन करावे, अशी त्यांनी सहकाऱ्यांना सूचना दिली. शस्त्रक्रियेत पोट उघडल्यावर रोग इतका पसरलेला आढळला, की तुकडा काढणे जिवावर बेतेल म्हणून शल्यचिकित्सकांनी तसेच टाके घातले. शुद्धीवर आल्यावर गाय कमालीचे संतापले. उरलेले महिने त्यांनी स्वतःच्या शरीरावर नव्या औषधांचे प्रयोग करू दिले. ८ नोव्हेंबर १९७० रोजी ते वारले. मुंबईत त्या दिवशी त्यांच्या विद्यार्थिनीला ५३ वर्षे पूर्ण होत होती. गाय यांच्या गाठीत केरास किंवा पी ५३ यांचे काय झाले होते हे पाहण्यासाठी एकही पेशी मागे उरली नाही; ती जनुके तेव्हा कोणाला माहीतही नव्हती.

उंदीर मात्र पुन्हा उपयोगी पडले. केरास आणि पी ५३ या दोन्हींतील बिघाड स्वादुपिंडात मुद्दाम आणलेला उंदरांचा वंश अमेरिकेत २००५ मध्ये तयार झाला. माणसासारखाच रोग त्यांना होतो, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील बहुतेक नवी औषधे आज आधी त्यांच्यावर पारखली जातात. स्तनांच्या कर्करोगाशी निगडित म्हणून १९९५ मध्ये सापडलेले बीआरसीए २ हे जनुक स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या प्रवृत्तीशीही जोडलेले आहे, आणि अशा रुग्णांसाठी २०१९ पासून एक गोळी अमेरिकेत मान्य झाली. वंशपरंपरेने येणारी प्रवृत्ती म्हणजे काय, हा १९४०च्या दशकातील परळच्या पिंजऱ्यांपुढचा प्रश्न अशा रीतीने औषधाच्या दुकानापर्यंत आला.

कमलताईंचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. परंतु त्यांच्या कामाचा आणखी एक भाग निबंधांत मावणारा नव्हता. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या स्त्रीला मूल कोठे ठेवावे, परगावी नोकरी लागली तर राहावे कोठे, असे प्रश्न त्या रोज पाहत होत्या. १९७३ साली त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. केवळ परिषदा भरवून न थांबता या संघटनेने पुढे वाशी येथे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालवले. स्त्री-शास्त्रज्ञांच्या गौरवाची भाषणे पुष्कळ होतात. पाळणाघर चालवणे ही वेगळी गोष्ट आहे.

निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात गेल्या. सह्याद्रीच्या कुशीतील या आदिवासी भागात सत्यनिकेतन संस्थेच्या सहकार्याने त्यांनी मुलांच्या पोषणाची पाहणी केली, गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविकेचे प्रशिक्षण दिले. रक्ताचे नमुने आणि मुलांची वजने यांच्या नोंदी करताना त्यांची सीताफळाच्या दिवसांतील शिस्त सुटली नसणार. एप्रिल २००१ मध्ये, वयाच्या ८४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

परळचे संशोधन केंद्र नवी मुंबईत खारघरला गेले ते त्यानंतरच्या वर्षी. पुण्यात त्यांचे नाव फारसे कानावर पडत नाही. २०२१ साली त्यांच्या जन्मदिनी गुगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा ही बाई आपल्याच गावची, हे अनेकांना त्या दिवशी कळले. विद्यापीठाच्या आवारात, ऐंशीच्या दशकात सुरू झालेले राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. माणसाच्या आणि प्राण्यांच्या पेशींचा साठा तेथे द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेला असतो आणि देशभरातील प्रयोगशाळांना तो पुरवला जातो. स्वादुपिंडाच्या गाठींतून वाढवलेल्या पेशी त्यात आहेत, आणि गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली वाढू लागलेल्या हेनरिएटाच्याही.